चव्वेचाळीस की अठ्ठेचाळीस

३ फेब्रुवारी

चि. ठमीस,

आशीर्वाद आहेतच, ते शेवटी घे. आधी तुझ्या या कॉम्प्युटरचं काय करायचं ते सांग. नाहीतर मी तो दुकानाच्या खिडकीतून रस्त्यावर टाकीन, आणि तिथे कोणी उभं असलं तर ते पाप तुझ्या डोक्यावर.

तू म्हणशील, मामा फोन का करत नाहीत. फोनवर तू बोलतेस ते ऐकू येतं, मी 'हो हो' म्हणतो, आणि फोन ठेवला की पाटी कोरी. लिहिलेलं कसं, समोर ठेवून एकेक ओळ बोटाखाली धरून करता येतं. सातवी शिकलेल्या माणसाला एवढी सवलत दे.

तर ऐक. मागच्या महिन्यात कानाच्या डॉक्टरने मला त्या बंद खोलीत बसवलं आणि उतरत्या जिन्यासारखी रेघ काढलेला कागद हातात दिला. म्हणाला, 'बारीक आवाज कमी ऐकू येतात, वयाने होतं.' त्याला काय जातंय म्हणायला! पन्नास वर्षं मी पेट्यांचे सूर लावतोय. पेटी लावणाऱ्याचा कान गेला म्हणजे न्हाव्याचा हात थरथरायला लागला. मी हबकलो ते बघून तू तुझा जुना कॉम्प्युटर पाठवलास, ते उपकार मी विसरलेलो नाही. त्यात तीन प्रोग्रॅम घालून दिलेस. त्यांची इंग्रजी नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी माझी ठेवलीत. एक काटेवाला, जो सूर चढा आहे की उतरा ते काट्याने दाखवतो. दुसरा साठवणारा, जो आवाज भरून ठेवतो. तिसरा बोलका, तुझ्या मामीला तुझं तोंड बघत गप्पा मारता याव्यात म्हणून; ती जिना उतरून दुकानात कधी यायची ते देवाला ठाऊक.

आता तक्रार. सकाळी काटा बरोबर मध्यावर. दुपारी चार वाजले की तोच सूर, तीच पट्टी, पण काटा म्हणतो दीड पट्टी खाली. वैतागून सगळं बंद करून परत लावलं की पुन्हा ठीक. पेटीतलं पितळ उन्हाने एवढं हलत असतं तर जगातल्या सगळ्या पेट्या दुपारच्या रडल्या असत्या.

शिवाय गायनशाळेच्या बाईंनी मुलांना घरी सरावाला सा-रे-ग-म भरून मागितलं होतं. ते साठवणाऱ्यात भरून दिलं. मुलं म्हणाली, 'आजोबांची पेटी आजारी आहे का? जाड आवाजात आणि दमून दमून वाजते.' बाई हसल्या. मी नाही हसलो.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या शाळेची मोठी पेटी माझ्याकडे येतेय. वीस मार्चला परीक्षा आहे, परीक्षक बाहेरून येणार. त्या पेटीतले सूर, म्हणजे आतल्या पितळेच्या जिभा, ज्या कारखान्यात व्हायच्या तो बंद पडून जमाना झाला. एखादी बिघडली तर दुसरी मिळत नाही. म्हणून मला एकच गोष्ट आधी कळायला हवी. कान बिघडलाय की खोकं?

तुझा
मामा

आशीर्वाद.


८ फेब्रुवारी

ती. मामांना नमस्कार.

खोकं खिडकीतून टाकायचा विचार सोडा, तुमच्या खिडकीला गज आहेत.

कान बिघडलेला नाही. कॉम्प्युटरही बिघडलेला नाही. आत भांडण चाललंय. ते मी रेडिओच्या नोकरीत रोज सोडवते, त्यामुळे सांगायचाही आता कंटाळा येतो, पण तुमच्यासाठी सांगते.

कॉम्प्युटरमध्ये आवाजाचं एक कार्ड असतं. तुम्ही वाजवलेल्या सुराच्या ते बारीक बारीक चकत्या करतं, काकडीच्या करतो तशा. एका सेकंदाच्या किती चकत्या, त्या आकड्याला सॅम्पल रेट म्हणतात. नेहमीचे आकडे दोन, ४४,१०० आणि ४८,०००. कोणताही धरा, चालतो. पण घरात सगळ्यांनी एकच धरायला हवा. कार्ड एक, प्रोग्रॅम तीन, आणि ज्याचा आवाज मोठा तो स्वतःचा आकडा कार्डावर लादतो. आता समजा कार्ड सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार चकत्या देतंय आणि काटेवाला चव्वेचाळीस हजार शंभर झाल्या की 'झाला एक सेकंद' म्हणून मोकळा होतोय. मग त्याच्या लेखी तोच आवाज लांबला. लांबला म्हणजे उतरला. किती? जवळजवळ दीड पट्टी. मुलांना पेटी आजारी वाटली तीही याच दुखण्याने. काल आमच्याकडे बातम्या देणारी बाई अशीच राक्षसिणीच्या आवाजात हवामान सांगून गेली.

उपाय सोपा आहे. कोपऱ्यातल्या कर्ण्याच्या चित्रावर उजवं बटण दाबा, आवाजाच्या सेटिंगचं पान उघडेल. तिथे कार्डासमोर ४४१०० निवडा. मग काटेवाल्यात जाऊन तोच आकडा आहे ना बघा, साठवणाऱ्यातही तोच. तिघांना एका आकड्यावर आणलंत की भांडण मिटलं.

आणि डॉक्टरचा कागद बारीक, शिट्टीसारख्या आवाजांचा आहे. सूर ओळखण्याशी त्याचा संबंध नाही. तो कागद उशाशी ठेवून झोपू नका.

तुमची
ठमी


१३ फेब्रुवारी

चि. ठमीस,

तुझं पत्र पाठ झालं. कर्ण्याचं चित्र सापडलं, पान उघडलं, ४४१०० केलं. काटेवाल्यात ४४१००. साठवणाऱ्यात ४४१००. खडूने भिंतीवरही ४४१०० लिहिलं. म्हटलं आता कोण हलवतो बघू.

चारला पहाऱ्याला बसलो. हात मांडीवर, माऊस वीतभर लांब. चार वाजून दोन मिनिटांनी माझ्या डोळ्यांदेखत आकडा पुसला गेला आणि ४८००० झाला. कोणी हात लावला नाही, शपथ घेतो. मी ४४ केलं. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा ४८. मी ४४, तो ४८. शाळकरी पोरांसारखं आमचं 'माझंच खरं' चाललंय आणि माझा रक्तदाब वर जातोय.

मी नादकाटा वाजवून बघितला. हा नादकाटा माझ्या गुरूंनी दिलेला, पोलादी, एकच सूर देतो, जन्मभर तोच. चार वाजल्यानंतर कॉम्प्युटर त्यालाही दीड पट्टी खाली दाखवतो! पोलाद सकाळी तरुण आणि दुपारी म्हातारं?

वर जाऊन तुझ्या मामीला सांगितलं, तर तिला काही नवल नाही. म्हणते, 'चार वाजता उठून जरा फिरून येत जा, म्हणजे दिसणारच नाही.'

'अगं, पण बदलतो कोण?'

'बदलेना का. तुम्हाला घेऊन तर जात नाही ना!'

ही बाई अशी. घराला आग लागली तरी म्हणेल, दिवा लावायला नको.

शाळेची पेटी परवा आली. दोघांनी उचलून आणली, इतकी जड. भाता अजून घट्ट आहे. वाजवून बघितली आणि मला ती चांगली लागलेली वाटली, दोन-तीन सूर केसाएवढे इकडेतिकडे. पण मला वाटलं त्याला आता काय किंमत? मला खात्रीचा काटा हवा. लवकर कळव, मी हात बांधून बसलोय.

तुझा
मामा


१७ फेब्रुवारी

ती. मामा,

घाईत लिहितेय. काय होतंय ते कळलं. फार खोलात जाऊ नका. मामीला सांगून मी काल इथूनच तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरले आणि कार्डाचा आकडा कायमचा बांधून टाकला. आता तो चारला काय, कधीच बदलणार नाही. तुम्ही कोणत्याही पानावर जाऊन काहीही दाबू नका. भिंतीवरचा खडूही पुसा.

ठमी


२४ फेब्रुवारी

चि. ठमीस,

शाबास. काटा आता जागचा हलत नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी एकच उत्तर देतो. सगळी पेटी दीड पट्टी उतरलेली आहे.

तेव्हा प्रश्न सुटला. खोक्यातलं भांडण तू मिटवलंस, तरी काटा खालीच, मग बिघाड कुठे राहिला ते सातवीवाल्यालाही कळतं. माझा कान म्हणतो, पेटी बरोबर आहे. काटा म्हणतो, नाही. डॉक्टरचा कागद काट्याच्या बाजूने. नादकाट्याची साक्ष काढली तर कॉम्प्युटर त्यालाही खालीच दाखवतो. तोही माझ्याच वयाचा, त्याचं काय धरायचं. तीन मतं विरुद्ध आणि माझ्या बाजूने मी एकटा.

बाई विचारतात कधी देताय. कानस घेऊन एकेक सूर घासून चढवायला सुरुवात केलीय. जास्त लिहीत नाही.

मामा


२८ फेब्रुवारी

ती. मामा,

काल तुमचं पत्र हातात पडल्या पडल्या फोन केला आणि 'कानस खाली ठेवा' एवढंच ओरडले. तुम्ही म्हणालात, 'सात झाले,' आणि फोन मामीकडे दिलात. मामी म्हणाली, तुम्ही बाईंना निरोप पाठवलाय की दुसरा कारागीर बघा, माझा कान गेला. हत्यारं फडक्यात बांधून ठेवलीत म्हणे.

ती सोडा. आधी हे वाचा, मग माझ्यावर जे ओरडायचं ते ओरडा.

पेटी उतरलेली नव्हती. कान बरोबर होता. चूक माझी आहे, एक नाही, दोन.

पहिली सांगायला जड जातेय. डिसेंबरात तुम्ही दुकानात स्टुलावरून पडलात आणि तासभर तिथेच पडून होतात. मामी वर होती, तिला हाक ऐकू गेली नाही. 'कोणाला सांगू नको' म्हणालात. तिने मला सांगितलं. तिच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, तुम्ही खाली दिवसदिवस एकटे. म्हणून कॉम्प्युटर पाठवताना मी बोलका असा लावून दिला की मी इथून फोन केला की तो आपोआप उचलला जातो, वाजत नाही, पडद्यावर काही दिसत नाही. चारला माझी सुट्टी होते. रोज पाच मिनिटं मी ऐकायचे. कानस चालली, तुम्ही खोकलात, भात्याचा श्वास ऐकू आला, की ठेवायचे. बोलका ४८,००० शिवाय बोलत नाही. मी आले की तो कार्डाला तिकडे ओढायचा आणि मी गेले तरी कार्ड तिथेच अडकून राहायचं. तुमच्याशी भांडणारी मीच होते.

तुमचं तेरा तारखेचं पत्र वाचून ते माझ्या लक्षात आलं. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही बोलका काढून टाकला असतात. म्हणून मी कार्ड कायमचं ४८,००० वर बांधलं. काटेवाल्यातही तेच करायचं होतं. तेवढ्यात स्टुडिओतून हाक आली आणि ते राहून गेलं. तो अजून ४४,१०० च धरून बसलाय. म्हणजे आधी काटा चारनंतरच खोटं बोलायचा, तो मी दिवसभर खोटं बोलायला बसवला. ही दुसरी.

नादकाट्याचं तुम्ही लिहिलंत तेव्हा तरी तुम्ही स्वतःच्या कानावर शंका घेताय हे मला कळायला हवं होतं. मामा, पोलाद कधी दीड पट्टी उतरतं का? तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुम्ही यंत्रावर विश्वास ठेवलात कारण ते मी पाठवलं होतं.

गेला आठवडाभर रोज चारला मला कानस ऐकू येत होती. मी खूश होत होते, मामा कामात आहेत म्हणून. तो त्या सात सुरांचा आवाज होता.

कान सोडू नका. बाईंना खरं सांगा, हवं तर मी पत्र लिहिते.

ठमी


१० मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

ते लिहीत नाहीत म्हणून मी लिहितेय. अक्षर लागत नसेल तर चष्मा लाव.

तुझं पत्र त्यांनी चारदा वाचलं. मग कॉम्प्युटर पोत्यात घालून माळ्यावर चढवला, त्या स्टुलावर चढूनच. दोन दिवस माझ्याशी अक्षर बोलले नाहीत. ताटात मीठ नव्हतं तर स्वतः उठून घेतलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा उठले, तेवढा तरी फायदा झाला.

शनिवारी मी जिना उतरले. बसत बसत, अकरा पायऱ्या. ते पेटी उघडून नुसते बघत बसले होते. म्हटलं, रागवायचं तर माझ्यावर रागवा, पोरीला मीच सांगितलं होतं.

'तू पण यात?'

'यात कसली, मीच हे केलं. तासभर फरशीवर पडून राहणारा माणूस मला नको होता.'

त्यांनी हत्यारांचं फडकं सोडलं. मग मला म्हणाले, 'खाली आलीच आहेस तर भाता हलव.' मी भाता हलवत बसले. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही. ते एकेक सूर काढत, घासत, लावत, ऐकत. मधेच 'हं' म्हणत. रोज आता मला खाली नेतात. गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो.

तुझी
मामी


२३ मार्च

चि. ठमीस,

राग गेलेला नाही, हे आधी सांगतो, नाहीतर पत्र आलं म्हणून तू नाचशील.

माझ्या दुकानात मी एकटा आहे असं समजून मी काय काय बोलतो तुला माहीत आहे का? अर्थात आहे, तू ऐकत होतीस! गिऱ्हाइकांना नावं ठेवतो. गुडघ्यांवरून तुझ्या मामीची नक्कल करतो. कधी कधी स्वतःशी गातो, आणि माझा गळा कसा आहे ते पेटीलाही माहीत आहे. हे सगळं तू पाचशे कोसांवर चहा पीत ऐकलंस. दार वाजवून आत यायचं असतं, हे तुला लहानपणी तुझ्या आईने शिकवलं होतं, माझ्यासमोर.

आणि माझ्यावरही राग आहे, तो जास्त. डॉक्टरचा कागद, काटा, तुझं पत्र, सगळ्यांचं ऐकलं. पेटी समोर ओरडून सांगत होती, मी बरोबर आहे. तिचं ऐकलं नाही. पहिल्या सुरावर कानस ठेवली तेव्हा हात अडखळला होता. तरी सात घासले. भीती वाटली की माणूस शहाण्याचं ऐकतो, आपलं ऐकत नाही.

आता झालं काय ते सांगतो. कानस पुन्हा उचलण्याआधी मी स्वतः शाळेत गेलो. बाईंना उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, तुझ्यासकट. त्या म्हणाल्या, 'दुसरा कारागीर आणू का?'

म्हटलं, 'आणा. पण मी बिघडवलेलं मला परत आणू द्या, मग आणा.'

'येतील परत?'

'सूर येतील. आवाज यायचा नाही.'

ते असं आहे. जिभेच्या टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाला घासलं की उतरतो. मी टोकाला घासून दीड पट्टी चढवले होते, आता बुडाला घासून तेवढेच उतरवले. पण दोन्हीकडून घासलेली जीभ कागदासारखी होते. सुरात बोलते, पण बारीक बोलते. ते मधल्या सप्तकातले सात आता जन्मभर तसेच राहणार.

यंत्र नाही, काटा नाही. नादकाटा, मी आणि भात्यावर तुझी मामी. ती विचारायची, 'आता बरोबर?' मी म्हणायचो, 'नाही.' ती म्हणायची, 'मला तर मघापासून सगळं बरोबरच वाटतंय.' असली साक्षीदार. पाच दिवस लागले. सहाव्या सुरावर वाटलं कान दगा देतोय. मग थांबलो. डोळे मिटून वरच्या सप्तकातल्या त्याच सुराबरोबर वाजवला. दोन सूर जुळले नसले की मध्ये एक लाट येते, वाँव वाँव करत. ती लाट हळूहळू लांबली आणि थांबली. ठमे, ती थांबलेली मला ऐकू आली.

परीक्षा वीसलाच झाली. परीक्षक माझ्यापेक्षा म्हातारा, तोंड कडू औषध घेतल्यासारखं. पाच मुलं गाऊन झाल्यावर त्याने वर बघितलं आणि विचारलं, 'या पेटीला मध्येच सर्दी झाली आहे का?' वर्ग हसला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मागच्या बाकावर होतो, उभा राहिलो आणि म्हटलं, 'माझ्यामुळे.' त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, 'सुरात आहे मात्र,' आणि पुढच्या मुलीला गायला सांगितलं.

दुसऱ्या कारागिराचं बाई अजून काही बोललेल्या नाहीत. मीही विचारलेलं नाही.

खोकं माळ्यावरच राहील. माझी काळजी वाटली तर माणसासारखा फोन वाजव, मी उचलीन. नाही उचलला तर मामी आता दिवसभर खालीच असते, काय करू नको ते सांगत.

एक काम मात्र राहिलंय. आमच्या धंद्यात पेटी उघडली की झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने तारीख आणि काय केलं ते लिहायचं असतं, म्हणजे पुढच्याला कळतं. या पेटीत माझ्या गुरूंच्या हातच्या दोन ओळी आहेत, माझ्या नऊ. दहावी अशी लिहिली: 'मधल्या सप्तकातले सात सूर माझ्या हाताने बिघडले, माझ्या हाताने लावले. कान शाबूत.' तुझं नाव घातलं नाही. दुसऱ्याची चूक आपण लिहायची नसते, तशी रीत आहे. पण खाली एका ओळीची जागा सोडली आहे. पेटी शाळेतच आहे, बाईंना सांगून ठेवलंय. तू ये आणि तुझ्या हाताने लिही.

तुझा
मामा